डाउन सिंड्रोमवरचं संशोधन शाळेतल्या बाईंपर्यंत, डॉक्टरांपर्यंत आणि घरच्यांपर्यंत कसं पोचवायचं?

खांडोळ्याची आत्या

नमस्कार मंडळी. माझी भाची, घरात तिला चिमू म्हणतात, सव्वाचार वर्षांची आहे. डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त, आहे हे जन्मल्यावर लगेच कळलं. हृदयाला छिद्र होतं, त्याचं ऑपरेशन पहिल्या वर्षातच झालं, आता त्या बाजूने ठणठणीत. येत्या जूनपासून गावातल्या मराठी शाळेच्या बालवर्गात जाणार. बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, जायचं म्हणून आत्तापासूनच दप्तर पाठीला लावून बलकांवावर, घरापुढच्या ओट्यावर, येरझाऱ्या घालते.

मी इथे गोव्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत असते, त्यामुळे लेख शोधून काढणं मला जड जात नाही. पुष्कळसं फुकट वाचायलाही मिळतं. अडतं ते पुढे. वहिनी रात्री भांडी आवरून टेकते तेव्हा तिला इंग्रजी नको असतं, आणि मी मराठीत सांगायला लागले की भाऊ म्हणतो, "आलं आमच्या आत्याचं व्याख्यान." बालवर्गाच्या बाई चांगल्या आहेत, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. त्यांना मी शिकवायला जाणं बरं दिसत नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर काहीही विचारलं तरी "ह्या मुलांचं असंच असतं" म्हणून औषधाची चिठ्ठी लिहायला घेतात. आणि आये, म्हणजे माझी आई, हिला कुणीतरी पावडरचे डबे गळ्यात मारलेत, "गुणसूत्रावर काम करते" असं सांगून. किंमत ऐकून भाऊ जेवता जेवता थांबला. पण आयेपुढे बोलणार कोण? तिचं एकच: "ताका सगळें कळटा, फकत उलोवपाक येना." म्हणजे तिला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही.

तर ह्या चौघांना हे सगळं कसं द्यावं, म्हणजे ते वापरलं जाईल? लिंक पाठवा, पीडीएफ पाठवा असं कृपया सांगू नका, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं तसंच पडून आहे.

फोंड्याच्या बाई

मी विशेष शिक्षिका. फोंडा आणि डिचोली तालुक्यांत नोकरी झाली, आता निवृत्त, तरी संध्याकाळी पडवीत दोन-तीन मुलं असतातच. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आत्याबाई, चौघांना एकच गाठोडं देण्याचा विचार आधी सोडा. डॉक्टर, बाई, आई आणि आजी, चौघांच्या हातात चार निरनिराळी कामं आहेत. ज्याच्या कामाला जे लागतं तेवढंच त्याला द्यायचं, बाकीचं तुमच्या लायब्ररीत राहू दे.

डॉक्टरांचं आधी सांगते, कारण ते सगळ्यांत सोपं. लोकांना उलट वाटतं. डॉक्टरांना निबंध दिला तर ते चाळून परत देतील, तपासणीचं नाव घेतलं तर पेन उचलतील. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. डाउन सिंड्रोमच्या मुलांची कोणत्या वयाला कोणती तपासणी करायची याची त्यांची मार्गदर्शिका आहे, २०२२ साली ती नव्याने काढली. तिचं नाव आणि साल सांगा आणि सरळ विचारा: "चिमूचं टीएसएच ह्या वर्षी झालेलं नाही, लिहून देता का?" टीएसएच म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी.

"असंच असतं" ह्या उत्तराला थायरॉइडसारखं दुसरं प्रत्युत्तर नाही. थायरॉइड कमी पडलं की मूल मंदावतं, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, वजन वाढतं. आणि डाउन सिंड्रोमबद्दल लोकांची समजूत नेमकी अशीच असते. म्हणजे नुसतं बघून कुणालाही कळणार नाही, मग डॉक्टर कितीही अनुभवी असोत. म्हणून तर दर वर्षी रक्त तपासायला सांगितलंय.

कान आणि डोळे शाळा सुरू व्हायच्या आधी बघून घ्या. ह्या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, मधल्या कानात पाणी साठून राहतं, ठणका नसला तरी साठतं. मूल "ऐकत नाही" म्हणून ओरडा खातं आणि त्याला खरंच ऐकू येत नसतं. डोळ्यांचं तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. कार्डिफ विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं ही मुलं तपासली, तेव्हा दिसलं की साधारण चारांतल्या तिघांना जवळचं नीट दिसत नाही. लांबचं त्या मानाने बरं दिसतं, समोरच्या माडावरचा कावळा दाखवतील, पण हातातल्या पाटीवरचं धूसर दिसतं. नुसत्या लांबच्या चष्म्याने ते भागत नाही, दोन भिंगांचा, बायफोकल, द्यावा लागतो. आपल्याकडे बायफोकल म्हटलं की आजोबा आठवतात, त्यामुळे चार वर्षांच्या पोरीसाठी मागितला तर चष्म्याच्या दुकानात हसतील. हसू दे. डोळ्यांच्या डॉक्टरांना "जवळची नजर वेगळी तपासा" एवढं मात्र आवर्जून सांगा.

आता बाई. इथे मी जरा रेंगाळणार, माझं आयुष्य ह्यातच गेलंय.

बाईंकडे शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं मागा आणि चिमूला बरोबर न्या. कागद नको, कार्डं न्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी घ्या, जाड मार्करने एकेक शब्द लिहा: आई, आये, पाव, मांजर, बस. प्रत्येक शब्दाची दोन-दोन कार्डं, अक्षर एका मापाचं, चित्र नाही, फुलंपानं नाहीत. आधी सारखी कार्डं जुळवायची. ते जमलं की तिच्यापुढे दोन ठेवून म्हणायचं, "पाव दे." आणि तेही जमलं की मगच विचारायचं, "हे काय?" हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. आपण सगळे पहिल्याच दिवशी "हे काय, हे काय" करत सुटतो आणि ज्या पोरीला बोलायचंच जड जातं तिची परीक्षा बोलण्यातूनच घेतो. जुळवणं आणि उचलून देणं ह्यांत हात उत्तर देतो, तोंड उघडावं लागत नाही.

हे माझ्या मनचं नाही. १९८०च्या सुमाराला इंग्लंडात पोर्ट्‌समथला एका बापाने सू बकली नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंना कळवलं, की माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, ती तीन वर्षांची असल्यापासून मी तिला वाचायला शिकवतोय आणि वाचता वाचता ती बोलायला लागली. त्या काळी ही मुलं वाचतील असं कुणी धरतच नव्हतं. बकलीबाईंनी ते मनावर घेतलं आणि त्यातून पुढचं सगळं काम उभं राहिलं. बघा, संशोधन घरच्यांकडे पोचवायचं म्हणताय, तिथे ते मुळात घरातूनच निघालं होतं.

कारणही पुढे कळलं. ह्या मुलांची कानाने ऐकलेलं धरून ठेवायची शक्ती तोकडी असते, डोळ्याने पाहिलेलं त्या मानाने टिकतं. बोललेला शब्द हवेत विरून जातो, कार्ड हातात राहतं. आता आपल्या बालवर्गात काय चालतं ते आठवा. चाळीस पोरं एका सुरात बाराखडी म्हणतात. चिमू त्या सुरात सूर मिसळेल, डोलेल, शेवटचा "कः" सगळ्यांत मोठ्याने म्हणेल आणि त्यातलं काहीही तिच्याकडे राहणार नाही. तिच्यापुढे बाकावर त्या ओळीची पट्टी ठेवली आणि शेजारच्या मुलीने बोट फिरवलं तरी फरक पडतो. बाईंना पोरं गप्प करावी लागत नाहीत की वर्गाची रीत बदलावी लागत नाही.

बाई विचारतील, "पण मी काही स्पेशल टीचर नाही." रास्त आहे. तेव्हा त्यांना इंग्लंडातल्या यॉर्कची गोष्ट सांगा. तिथल्या विद्यापीठाने डाउन सिंड्रोमच्या ५७ मुलांवर चाचणी घेतली, २०१२ साली ती छापून आली. शिकवणाऱ्या होत्या शाळेतल्या साध्या मदतनीस. त्यांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी रोज ४० मिनिटं वाचन आणि भाषेचा पाठ घेतला. एका गटाला लगेच सुरू केलं, दुसऱ्याला वीस आठवडे थांबवलं. पहिल्या गटाचं शब्दवाचन सुधारलं, अक्षराचा आवाज ओळखणं सुधारलं, शिकवलेले शब्द ती मुलं बोलण्यात वापरू लागली. मात्र स्पेलिंगमध्ये किंवा अनोळखी, बनवलेले शब्द वाचण्यात फरक दिसला नाही. ज्यांचे पाठ जास्त झाले त्यांना लाभ जास्त.

हा "मात्र"सुद्धा बाईंना सांगायचा, वगळायचा नाही. नुसतं गोड सांगून आणलेलं दिवाळीपर्यंत टिकतं. मग "अजून लिहीत कशी नाही" म्हणून बाई नाउमेद होतात आणि कार्डं कपाटात जातात. किती जमेल आणि काय लगेच जमणार नाही हे आधी माहीत असलं तर त्या धीराने घेतात.

वहिनीला सरासऱ्या सांगू नका. "ही मुलं साधारण दोन वर्षांची होऊन चालतात" हे वाक्य मी किती आयांना रडवताना पाहिलंय. एखादं वर्षाचं होताच चालतं, एखादं चौथ्या वर्षी, आणि दोन्ही त्याच संशोधनात बसतात. तिला रोजच्या कामातलं एखादं सांगा. पाव हातात ठेवायच्या आधी पावाचं कार्ड दाखव, बस्स. ज्या रात्री ती स्वतः विचारेल त्या रात्री पुढचं सांगा.

राहिल्या आये. त्यांच्याशी पावडरवरून वाद घालू नका, हराल. आधी त्यांना सांगा की तुमचं म्हणणं संशोधनातही तसंच सापडलंय: ह्या मुलांना समजतं जास्त आणि बोलता येतं कमी, दोहोंत बरंच अंतर असतं. आजी ज्याला "ताका सगळें कळटा" म्हणते तेच विद्यापीठांना मोजायला वर्षं लागली. हे ऐकल्यावर त्या तुमचं पुढचं ऐकतील. पावडरीबद्दल मग एवढंच, की इंग्लंडात १५६ तान्ह्या बाळांना जीवनसत्त्वांसारखी अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक अॅसिड देऊन पाहिलं होतं, काहींना औषध नसलेली नुसतीच पूड, कुणाला काय दिलं ते आईबापांनाही ठाऊक नव्हतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली निकाल आला: सुरू केल्यापासून दीड वर्षाने पाहिलं, तर ना विकासात फरक, ना शब्दांत. विकणाऱ्याला फोन लावून आयेसमोर स्पीकरवर विचारा, "किती मुलांना दिलंत, आणि न दिलेल्या मुलांशी ताडून पाहिलंत का?" बाकी आये बघून घेतील. त्यांच्या पिढीने मासळीबाजारात घासाघीस केलेली आहे.

पेडण्याचा बाप

बाईंचं सगळं पटलं. माझा मुलगा तेवीस वर्षांचा, मी कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, कंडक्टर. लेखबिख मी वाचत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

एक, झोप. आमचा लहानपणी बसल्या बसल्या, मांडीवर डोकं टेकवून झोपायचा. घोरायचा, मध्येच श्वास थांबायचा, मग दचकून परत सुरू. एका दवाखान्यात सांगितलं, तर म्हणाले, लहान मुलं झोपतात अशी. मग बायकोने रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढला, अर्ध्या मिनिटाचा. दुसऱ्या डॉक्टरांनी तो बघितला आणि लगेच कान-नाक-घशाकडे पाठवलं. टॉन्सिल काढल्यावर पोरगा दिवसा जागा राहायला लागला, शाळेतून तक्रारी कमी झाल्या. तेव्हा आत्याबाई, व्हिडिओ काढा. मोबाईलचा असा उपयोग कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट ह्या धाग्यात कुणीच बोललं नाही. डॉक्टरांना सांगा, बाईंना सांगा, आजीला सांगा, आणि पोराला? माझा मुलगा सतरा-अठराचा असताना त्याने विचारलं, "मला काय झालंय?" मी म्हटलं, झालेलं काही नाही. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, तुझ्यात ४७ आहेत, २१ नंबरचं एक जास्त. १९५९ साली पॅरिसमध्ये हे शोधून काढलं. त्याला "एक जास्त" फार आवडलं. आता बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला सांगतो, "तुमचे ४६, माझे ४७." जानेवारी २०२३ मध्ये पणजीला दिव्यांगांचं पहिलं पर्पल फेस्ट झालं तिथे घेऊन गेलो होतो, तर स्टॉलवाल्यांनाही तेच. थायरॉइडची गोळी का घ्यायची हे त्याला ठाऊक आहे, म्हणून सकाळी उठून स्वतः घेतो, मला मागे लागावं लागत नाही. चिमू लहान आहे, पण चार वर्षांच्या मुलीलाही कान तपासायला का नेतोय ते सांगता येतं.

आणि भावाला सांगा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. कागदपत्रांचा त्रास आहे, पण करा.

अर्धी डॉक्टर

बालरोगात एमडी करतेय, म्हणून हे नाव. पेडण्याच्या काकांच्या व्हिडिओला माझा पाठिंबा, फक्त एक पुरवणी. व्हिडिओत काही दिसलं तर उत्तमच. पण काही दिसलं नाही म्हणून झोप ठीक आहे असं धरू नका. आईबापांना जे वाटतं आणि झोपेच्या तपासणीत जे निघतं ते ह्या मुलांत बऱ्याचदा जुळत नाही. म्हणूनच त्या मार्गदर्शिकेत तीन ते चार वर्षांच्या दरम्यान सगळ्यांचीच झोपेची तपासणी करायला सांगितली आहे, घोरत असो वा नसो. चिमूची झाली नसेल तर आता मागा.

दुसरं, तिचा गुणसूत्रांचा रिपोर्ट शोधून काढा. बहुतेक घरांत तो फायलीत तळाशी असतो आणि "डाउन सिंड्रोम आहे" एवढंच लक्षात राहतं. साधारण ९५ टक्के मुलांत २१वं गुणसूत्र सुटं, जास्तीचं असतं. तीन-चार टक्क्यांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. तसं असेल तर आईबापांचीही तपासणी करतात, कारण पुढच्या बाळाच्या बाबतीत हिशेब बदलतो. हे भाऊ-वहिनींना सांगायचं काम डॉक्टरांचं आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त फाईल वर काढून ठेवा.

शाळा कदाचित मानेच्या एक्स-रेचं सर्टिफिकेट मागेल. ह्या मुलांची मान सैल असते ते खरं, पण काही त्रास नसताना सरसकट एक्स-रे आता सांगत नाहीत, त्याने पुढचा धोका नीट कळत नाही. लक्षणं बाईंना सांगून ठेवा: मान दुखणं किंवा वाकडी धरणं, चाल अचानक बदलणं, हात ढिले पडणं, सुटलेली शू परत चड्डीत व्हायला लागणं. असं काही दिसलं तर शाळा सुटायची वाट न बघता घरी फोन. आणि कोलांट्या उड्या नकोत.

डॉक्टरांना लेख पाठवायचाच असेल तर रात्री अकराला चाळीस पानं नको. कोणी केलं, कुठल्या साली, किती मुलांवर आणि तुमचा प्रश्न काय, एवढं चार ओळींत लिहा. ओपीडीत आम्ही तेवढं नक्की वाचतो.

खांडोळ्याची आत्या

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

टीएसएच लिहून मिळालं. मार्गदर्शिकेचं साल सांगितल्यावर डॉक्टरांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, "कुठे वाचलंत?" म्हणाले, आणि ते नाव स्वतःच्या डायरीत टिपून घेतलं. कान आणि डोळ्यांची तारीख पुढच्या आठवड्यातली. रिपोर्ट फायलीच्या तळाशीच होता, भाऊ तो घेऊन स्वतः जाणार आहे. पावडरवाल्याला फोन लावला, त्याने "मॅडम, रिझल्ट मुलागणिक वेगळा" असं सुरू केल्यावर आयेने माझ्या हातातून फोन घेतला. पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईंना उद्या भेटायचंय. कार्डं झाली आहेत, चिमूने "आये"ची दोन्ही कार्डं उशीखाली नेऊन ठेवली म्हणून तिसरं करावं लागलं. बाईंकडे ठेवायला ही चिठ्ठी लिहिली आहे, बघून सांगा:

"चिमूला ऐकलेलं कमी लक्षात राहतं, पाहिलेलं जास्त. म्हणून सांगताना जमलं तर वस्तू, कार्ड किंवा हाताची खूण दाखवावी. एका वेळी एकच सूचना. उत्तरासाठी मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावं, तिला वेळ लागतो. रोज कार्डांचा खेळ दहा मिनिटं: आधी जुळवणे, मग उचलून देणे, शेवटी विचारणे. लिहिण्याची घाई नको. मान, चाल किंवा शूबद्दल काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करावा. आपण मन लावून हे कराल याची खात्री आहे."

फोंड्याच्या बाई

शेवटचं वाक्य काढा, इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईला ते टोचेल. त्या जागी लिहा, "तुम्हाला तिच्यात काय दिसतं ते आम्हाला कळवा," आणि खाली पाच-सहा ओळी कोऱ्या सोडा. दर शुक्रवारी दप्तरातून चिठ्ठी घरी येऊ दे. कोणतं कार्ड जमलं, कोणतं फेकलं, एवढं बाईंनी लिहिलं तरी पुरे. दहा मिनिटांचं "पाच ते दहा" करा, बालवर्गात एका मुलासाठी सलग दहा मिनिटं मिळत नसतात. आणि "बस"च्या जागी "बालरथ" लिहा, तिला तोच ओळखीचा. शब्द लांब आहे म्हणून बिचकू नका. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायचा असतो तेव्हा लांब शब्द उलट वेगळा उठून दिसतो.